शालेय वयातील कलाशिक्षण : केरळ कलामंडलमचा दाखला

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



 शिक्षण या विषयावर बोलावे अशी सूचना होती. विषय फार विस्तीर्ण असल्याने त्याचा एकच कोपरा मी निवडला आहे. ज्या मुलाचा वा मुलीचा जीव गाण्यात, नृत्यात, नाट्यात रमतो, त्याच्या शालेय वयाचे काय करावे? आठवीत तबल्यावर हात बसू लागतो आणि नववीत घरचे सांगतात, ‘आता हे दोन वर्षे बंद, दहावी होऊ दे, मग पाहू.’ त्या दोनांची पुढे चार वर्षे होतात आणि तबल्यावर खोळ चढते ती चढतेच. पालकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग सहसा नसतो. पण असा मार्ग कोठे असेल तर तो कसा चालतो आणि त्याची किंमत काय, हे पाहण्यासाठी मी आपणांस आज केरळात नेणार आहे.

त्रिशूर जिल्ह्यात भारतपुळा नदीच्या काठी चेरुतुरुत्ती नावाचे गाव आहे. तेथील केरळ कलामंडलम ही संस्था १९३० साली स्थापन झाली. संस्थापक होते मल्याळम महाकवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन आणि त्यांचे सहकारी मुकुंद राजा. राजवाड्यांचा व नंबुदिरी घराण्यांचा आश्रय आटल्यामुळे कथकली त्या काळी मरणपंथाला लागली होती. वळ्ळत्तोळांनी निधीसाठी चक्क लॉटरी काढली. ऐन तारुण्यातच त्यांची श्रवणशक्ती गेली होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. ज्याला चेंड्याचा नाद ऐकू येत नव्हता, त्याने तो नाद टिकावा म्हणून दारोदार फिरावे, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

आज ही संस्था अभिमत विद्यापीठ आहे. तो दर्जा तिला २००६ साली मिळाला. परंतु तिचा गाभा म्हणजे तेथील शाळा. मूल आठवीत प्रवेश घेते तेच एका कलेचे नाव घेऊन : कथकलीचा अभिनय, कथकलीचे गायन, चेंडा, मद्दळम, कूडियाट्टम, मोहिनीआट्टम, तुळ्ळल. कथकलीच्या रंगभूषेचाही, म्हणजे चुट्टीचाही, स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. नट आडवा पडलेला असतो आणि त्याच्या गालाच्या कडेने तांदळाच्या पिठाच्या लेपावर पांढरी किनार उभी केली जाते. या कामाला तास लागतात. ते करणारा हात घडवण्यासाठीही वर्षे द्यावी लागतात, हे मान्य करणारी शाळा मला फार शहाणी वाटते.

दिवस सूर्योदयापूर्वी सुरू होतो. कथकलीचा विद्यार्थी प्रथम नेत्रसाधना करतो. डोळ्यांना तूप लावून बुबुळे वर, खाली, तिरपी, वर्तुळाकार फिरवायची, आधी संथ आणि मग दुप्पट, चौपट लयीत. पावसाळ्यात अंगाला तेल लावून मर्दन होते. शिष्य जमिनीवर पालथा आणि गुरू आधाराला धरून पायांनी त्याचे अंग रगडतात. हे दृश्य पाहणाऱ्याला कठोर वाटते, पण गुडघे बाहेर वळवून, पावलांच्या कडांवर तोल सांभाळत रात्रभर उभे राहणारे शरीर त्यातूनच घडते. त्यानंतर कळरीत, म्हणजे तालमीच्या खोलीत, गुरू लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल धरतात आणि तोच पदन्यास शंभरदा होतो. ‘हस्तलक्षणदीपिके’तल्या चोवीस मूळ मुद्रा आधी बोटांत मुरतात. त्यांचे अर्थ डोक्यात उतरायला पुढची वर्षे असतात.

मग गणित, विज्ञान, इंग्रजी यांचे काय? तेही आहेत. सकाळचा ताजा प्रहर कलेला आणि दुपारनंतरचा वेळ पुस्तकांना, अशी विभागणी आहे. दहावीच्या तोडीची परीक्षा ही मुले देतातच. केरळ राज्यात तिचे नावही वेगळे आहे, ‘आर्ट हायस्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट’, आणि तिला बसणारे विद्यार्थी मोजकेच. आपल्याकडे नेमके उलटे घडते. सकाळचे ताजे डोके शिकवणीला आणि संध्याकाळचे थकलेले डोके पेटीला.

येथून बाहेर पडलेले कलावंत आपल्या नावाआधी शाळेचे नाव लावतात. कलामंडलम कृष्णन नायर, कलामंडलम रामनकुट्टी नायर, कलामंडलम गोपी. आडनावाच्या जागी शाळा! याच शाळेने कलामंडलम हैदरअली हा कथकली गायक दिला. १९५७ साली एक मुस्लिम मुलगा येथे दाखल झाला आणि पुढे श्रेष्ठ गायकांत गणला गेला. काही मंदिरांत त्याला प्रवेश नव्हता. एका मंदिराने रंगमंच कुंपणापलीकडे वाढवण्यासाठी भिंतीचा भाग पाडला, म्हणजे गायक बाहेर उभा राहील आणि नट आत नाचतील. या तोडग्याला औदार्य म्हणावे की संकोच, हे मी आपल्यावर सोपवते. २००६ साली अपघातात त्यांचे निधन झाले.

शाळेची दारेही टप्प्याटप्प्यानेच उघडली. चाक्यार व नंबियार घराण्यांपुरते असलेले कूडियाट्टम येथे १९६५ पासून पैंकुळम राम चाक्यार यांनी इतर मुलांनाही शिकवले. २००१ साली युनेस्कोने त्या नाट्यप्रकाराचा गौरव केला, तो टिकून राहण्यात या निर्णयाचा वाटा आहे. कथकलीच्या वर्गात मात्र मुलींना रीतसर प्रवेश मिळायला २०२१ साल उजाडले, म्हणजे स्थापनेनंतर एक्क्याण्णव वर्षे. आणि मुलांना मोहिनीआट्टम शिकू देण्याचा निर्णय झाला तो २०२४ साली, तोही एका जाहीर वादानंतर. परंपरा जपणाऱ्या संस्था न्यायाच्या बाबतीत मंद असतात, हे कलामंडलमवरील प्रेमापोटी लपवण्याचे कारण नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू न्यूयॉर्कमध्ये दिसते. तेथील महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांनी १९३६ साली संगीत व चित्रकलेसाठी सार्वजनिक माध्यमिक शाळा काढली. नृत्य-नाट्याची वेगळी शाळा १९४८ साली निघाली आणि १९८४ मध्ये दोन्ही लिंकन सेंटरलगतच्या एका इमारतीत आल्या. शहरातील इतर विशेष शाळांना लेखी प्रवेशपरीक्षा आहे. येथे मूल परीक्षकांपुढे गाऊन, नाचून, अभिनय करून दाखवते. शुल्क नाही. ‘फेम’ हा १९८० सालचा चित्रपट याच शाळेवर बेतलेला होता. आणि २०१९ साली येथल्याच शेकडो विद्यार्थ्यांनी शाळेत बैठा सत्याग्रह केला. त्यांची तक्रार अशी की, प्रवेश देताना कलागुणांपेक्षा वर्गातील गुणांना आणि अभ्यासाच्या विषयांना अवास्तव महत्त्व दिले जात आहे. सातासमुद्रापलीकडेही भांडण तेच आहे, फक्त तेथे ते मुलांनी मांडले.

आपल्या महाराष्ट्राने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. कुरुंदवाडात जन्मलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणले. प्रवेशिका ते विशारद या परीक्षांनी घराघरांत सूर पोहोचला. हे उपकार फार मोठे आहेत. पण ते शिक्षण शाळेला समांतर, संध्याकाळचे राहिले. रसिक श्रोते त्यातून मुबलक घडले. रोज चार तास मेहनत करू पाहणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला मात्र त्या चौकटीत जागा नाही.

म्हणून प्रत्येकाने आठवीतच मूल कलाशाळेत धाडावे, असे मी म्हणणार नाही. तेराव्या वर्षी निवडलेली वाट तेविसाव्या वर्षी नकोशी होऊ शकते. कथकलीचा प्रत्येक पदवीधर काही गोपी होत नाही. कुणी शिक्षक होतो, कुणी पर्यटकांपुढे तासाभराचे तुकडे करून पोट भरतो, कुणी गुडघ्यांचे दुखणे घेऊन घरी बसतो. अशा शाळेचा विचार करणाऱ्या पालकांनी तेथील गुरू किती वर्षे टिकून आहेत हे विचारावे, दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाची आहे आणि मध्येच वाट बदलली तर ती कोठे ग्राह्य धरतात हे विचारावे, वसतिगृह स्वतः पाहावे. आणि मुलाला एकांतात विचारावे की त्याला रंगमंच आवडतो की तालीम. टाळ्या सर्वांनाच आवडतात.

विश्वस्तांना एक विनंती करून थांबते. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात अभियांत्रिकी, वैद्यकीय, वाणिज्य असे रकाने आहेत. त्यांत संगीत, नृत्य व नाट्य यांचा एक रकाना यंदापासून घालावा, आणि त्यासाठी पात्रता ठरवताना गुणपत्रिकेबरोबर जाणकारापुढील दहा मिनिटांचे सादरीकरण ग्राह्य धरावे. पहिल्या वर्षी कदाचित एकच अर्ज येईल. तो तपासण्यास मी विनामूल्य येईन.