बहारीनचे दप्तर
(मुलांच्या सभेत दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



तुम्ही खांद्यावर जे दप्तर नेता, तो शब्द फारसीतून आलेला. त्याचा अर्थ पिशवी नव्हे. लेखी कागदांची वही आणि त्या जेथे ठेवतात ती कचेरी. पुण्यास पेशवे दफ्तर आहे. तेथे मोडी कागदांची कापडात बांधलेली हजारो गाठोडी असून एकेका गाठोड्यास ‘रुमाल’ म्हणतात. हसू नका, खरेच म्हणतात. पेशवे गेले, रुमाल राहिले. आज अशाच एका दप्तराची गोष्ट सांगावयाची आहे. ते बहारीन बेटाचे आहे.

बहारीनचे शेख आणि इंग्रज यांच्यात १८६१ साली तह झाला, तेव्हा आखातातील इंग्रज रेसिडेंट इराणच्या किनाऱ्यावर बुशायर येथे राहत असे व त्याचे वरिष्ठ म्हणजे आपले मुंबई सरकार. १८७३ पासून तो हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली आला. १९०० साली बहारीनच्या मनामा शहरातही इंग्रज अधिकारी बसू लागला. तेथील बाजारात तर १९६५ पर्यंत रुपयेच चालत.

आता हा कारभार कागदावर कसा उमटे ते पाहा. मोत्यांच्या व्यापारातील एखाद्या तंट्याविषयी मनामाहून बुशायरला पत्र गेले, की त्याची नक्कल मनामाच्या फायलीत राही. बुशायरहून ते वर कळविले गेले, की तेथेही नक्कल राही. एकच हकीकत अशी तीन ठिकाणी उरे. आज बुशायर व मनामा येथील कचेऱ्यांच्या फायली लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई सरकारचे कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आणि हिंदुस्थान सरकारचे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बहारीनच्या मुलांना आपल्या पणजोबांच्या काळाविषयी वाचावयाचे, तर ते कागद परक्या शहरांत! मला हे खटकते. मात्र २०१४ पासून लंडनमधील फायलींची छायाचित्रे कतारच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साहाय्याने संगणकावर विनामूल्य पाहता येतात.

तुम्ही विचाराल, जुने कागद तर आपणही ठेवतो. देवाचे नाव लिहिलेला जीर्ण कागद आपण फेकत नाही, गेनिझात ठेवतो. खरे आहे. कैरोच्या बेन एझरा सिनेगॉगच्या गेनिझातून निघालेले सुमारे १,९३,००० तुकडे एकट्या केंब्रिजमध्ये आहेत. हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या यहुद्यांची पत्रेही गेनिझातच सापडली. पण ते सारे एकावर एक टाकलेले होते. एका पत्राचा अर्धा भाग एका शहरी, उरलेला दुसऱ्या शहरी, असे झाले. ते जुळविण्यात विद्वानांची आयुष्ये गेली.

अभिलेखागाराचा पहिला नियम याच्या उलट आहे. कागद ज्या कचेरीतून, ज्या फायलीतून, ज्या क्रमाने आला, तो क्रम मोडावयाचा नाही. एकटे पत्र मुके असते. त्याच्या आधीचे पत्र प्रश्न सांगते, नंतरचे उत्तर सांगते. म्हणून प्रत्येक फायलीस क्रमांक देतात व सूचीत तिची जागा नोंदवितात. तो क्रमांक हा तिचा पत्ता.

मग येतात शत्रू: दमट हवा, ऊन, कसर, वाळवी, आणि कधी कधी स्वतः शाई. जुन्या शाईत लोहाचा अंश असे. ती हळूहळू कागद खात जाते. यासाठी खोलीतील हवा थंड व कोरडी राखतात, आम्ल नसलेल्या पेट्या वापरतात आणि फाटलेल्या जागी अतिशय पातळ जपानी कागद खळीने चिकटवितात. वाचनकक्षात पेन नेता येत नाही, केवळ पेन्सिल.

इतका खटाटोप कशासाठी? मनामात इराकमधून आलेल्या यहुद्यांचे एक सिनेगॉग होते. डिसेंबर १९४७ मध्ये, पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावानंतर झालेल्या दंगलीत ते उद्ध्वस्त झाले. अलीकडे त्याचे नूतनीकरण झाले आहे. परंतु त्या दिवसांत नेमके काय घडले हे जाणून घ्यावयाचे, तर वृद्धांच्या आठवणींबरोबर त्या वेळी अधिकाऱ्यांनी पाठविलेले अहवालही चाळावे लागतात. लिहिणारा अधिकारी यहुदी नव्हता, त्याची दृष्टी आपली नव्हती. तरी तारीख व ठिकाण कागदावर राहिले. आपल्या बाजूचा कागद उरला, तरच त्याच्या शेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहता येतात.

आपल्या सिनेगॉगच्या कपाटात विवाहांच्या नोंदवह्या आहेत, मराठीत लिहिलेली इतिवृत्ते आहेत. पुढील रविवारी आपण ते कपाट उघडणार आहोत. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावावयाची नाही, प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करावयाचे नाही. गंजलेल्या टाचण्या मोठ्यांनी हळूच काढावयाच्या. कोणता कागद कोणत्या खणातून, कशाच्या खालून निघाला, ते वेगळ्या वहीत लिहावयाचे काम तुमचे. हात धुऊन या, पेन्सिल आणा, पेन घरी ठेवा.