महाविद्यालयांत निघालेल्या मुलांसाठीं लेखनयंत्र



मृगाचा पाऊस पडला कीं माहूरच्या परिसरांतील शेतकऱ्याच्या दाराशीं दोन खर्च एकाच वेळीं येऊन उभे राहतात. एक कापसाच्या व सोयाबीनच्या बियाण्याचा, आणि दुसरा बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या अगर मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशाचा. त्यांतच घरांत विषय निघतो कीं, लिहिण्यासाठीं लॅपटॉप हवा. ही मागणी कोणी चैनीची समजूं नये. निबंध, प्रकल्प, परीक्षेचे व शिष्यवृत्तीचे अर्ज हीं सर्व कामें आतां संगणकाच्या द्वारें होतात. नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें. तत्पूर्वीं विद्यापीठाच्या कामासाठीं येथील विद्यार्थ्याला थेट औरंगाबाद गांठावें लागे. आज तो हेलपाटा पुष्कळसा वांचतो, मात्र त्यासाठीं यंत्र चालविण्याचें ज्ञान अंगीं असावें लागतें. म्हणून हें यंत्र थोडक्या पैशांत कसें निवडावें, याचा विचार आज आपण करूं.

पहिला प्रश्न यंत्राचा नसून वेळेचा आहे. जून-जुलैंत शेतकऱ्याच्या हातीं पैसा नसतो. माल विकला जातो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास व त्यानंतर. आषाढांत घाईनें हप्त्यांवर यंत्र घेतलें, तर काय होतें पाहा. समजा, तीस हजारांचें यंत्र दरमहा दोन हजारांच्या अठरा हप्त्यांनीं घेतलें. एकूण छत्तीस हजार द्यावे लागले. म्हणजे सहा हजार रुपये केवळ घाईपायीं गेले. तेवढ्या रकमेंत एका सत्राचीं पुस्तकें व येण्याजाण्याचें भाडें सहज निघावें. पहिल्या सत्रांत लिखाण बेताचेंच असतें. तोंपर्यंत महाविद्यालयाची संगणक-खोली आणि घरांतला फोन यांवर काम भागवावें, आणि मधल्या काळांत मुलानें दहा बोटांनीं टंकलेखन करण्यास शिकावें. ही विद्या हातीं असेल तर साधें यंत्रही चांगलें चालतें. नसेल तर महागांतलें यंत्रही दोन बोटांच्याच वेगानें चालणार.

टंकलेखनाचा उल्लेख आला, तेव्हां देवनागरीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकेंत १८७४ सालीं रेमिंग्टनचें टंकयंत्र विक्रीस आलें, तें इंग्रजी अक्षरांसाठीं. पुढें त्याच सांच्यांत नागरी बसवितांना जोडाक्षरांची अडचण झाली. कळा मोजक्या, अक्षरांचे आकार पुष्कळ! म्हणून बऱ्याच कळांवर अर्धें अक्षर ठेवून काना मागाहून जोडण्याची युक्ति निघाली, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं उमटवावी लागे. संगणक आल्यावर ही अडचण उरली नाहीं. भारत सरकारनें पुरस्कारलेल्या इन्स्क्रिप्ट या रचनेंत स्वर डाव्या हाताला व व्यंजनें उजव्या हाताला असतात, आणि अक्षरें उच्चाराच्या क्रमानेंच लिहिलीं जातात. शिवाय बहुतेक भारतीय लिप्यांसाठीं कळांची मांडणी एकच आहे. किनवटच्या पलीकडे तेलंगण लागतें. मराठीसाठीं जी बोटें तयार झालीं, तींच उद्यां तेलुगूलाही उपयोगी पडतात. ही सोय विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत विनामूल्य मिळते. लिखाण मात्र युनिकोडमध्येंच करावें. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत लिहिलेला निबंध दुसऱ्या यंत्रावर उघडला कीं अक्षरांची खिचडी होते, आणि ऐन वेळीं प्राध्यापकांपुढें कोरें तोंड घेऊन उभें राहावें लागतें. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षाही आतां संगणकावरच होतात. त्यांस बसावयाचें असेल तर तेथें कोणती रचना चालते, हें आधींच विचारून घ्यावें.

आतां प्रत्यक्ष यंत्राकडे वळूं. साहित्य, वाणिज्य अगर सामान्य विज्ञान शिकणाऱ्या मुलाला भारी यंत्राची गरज नाहीं. स्मृति म्हणजे रॅम आठ जीबी असावी. चार जीबीवर आजचीं साधनें अडखळत चालतात, आणि पुष्कळ स्वस्त यंत्रांत ती मागाहून वाढवितां येत नाहीं. साठवण एसएसडी जातीची, २५६ जीबी असली म्हणजे पुरे. फिरत्या तबकडीचीं जुनीं यंत्रें मंद असतात, आणि एस.टी.च्या धक्क्यांनीं तीं बिघडण्याचा संभवही अधिक. बॅटरीचा हिशेब सोपा आहे. तिच्यावर वॅट-तासांचा आंकडा छापलेला असतो. चाळीस वॅट-तासांची बॅटरी आणि आठ वॅट खाणारें काम, म्हणजे सुमारें पांच तास. वीज गेली तरी एक संध्याकाळ निभावते. वजनाकडेही दुर्लक्ष नको. दत्तशिखराची चढण ज्यानें पायीं चढली आहे, त्याला पाठीवरच्या अर्ध्या किलोचा अर्थ सांगावा लागत नाहीं. दीड किलोचें यंत्र रोज नेतां येतें. सव्वादोन किलोचें हळूहळू खोलीवरच राहूं लागतें.

नवें परवडत नसेल, तर वापरलेलें घेण्यांत कमीपणा नाहीं. फक्त डोळस राहावें. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, त्यामुळें जुनीं यंत्रें बाजारांत स्वस्त दिसतात. विंडोज ११ साठीं इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर सामान्यतः लागतो. तेव्हां विक्रेत्याला "पिढी कोणती?" हा प्रश्न प्रथम विचारावा. त्याहून जुनें यंत्र फारच कमी किंमतींत मिळत असेल, तर त्यावर लिनक्स घालून लिब्रे-ऑफिस वापरावें. दोहोंना दाम पडत नाहीं आणि निबंधाचें काम उत्तम होतें. दुकानांतच अर्धा तास बसून प्रत्येक कळ दाबून पाहावी, बिजागरी तपासावी, बॅटरी किती वेळ टिकते तें पाहावें, आणि पावतीशिवाय बाहेर पडूं नये.

शेवटचा मुद्दा दुरुस्तीचा. विकत घेण्यापूर्वीं त्या कंपनीचें दुरुस्ती-केंद्र नांदेडास अगर यवतमाळास आहे कीं नाहीं, याची चौकशी करावी. दोन हजारांनीं स्वस्त मिळालेलें यंत्र दुरुस्तीसाठीं मुंबईस धाडावें लागलें, आणि परीक्षेचे पंधरा दिवस त्यांत गेले, तर तो स्वस्तपणा कोणाच्या उपयोगाचा?

बैल घेतांना आपले वडीलधारे केवळ त्याच्या रंगावर जात नसत. दांत पाहत, खूर पाहत, चार पावलें चालवून पाहत. तीच चिकित्सा येथें लावावी. आणि बाजारांत जातांना मुलाला, विशेषतः मुलीला, बरोबर न्यावें. चार वर्षें लिहावयाचें आहे तें तिला. तेव्हां कळांवर बोटें ठेवून पाहण्याचा पहिला अधिकारही तिचाच.