मोगली आणि शेजारची ओटी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)





ज्या शाळेत मी फळा पुसला, त्याच शाळेने आज मला व्यासपीठावर उभे केले, याबद्दल मी संस्थेची ऋणी आहे. मुले आणि मोबाईल यावर बोलावे, असे मला कळविण्यात आले होते. मीही एक शिक्षिका आहे आणि एका मुलीची आई आहे, तेव्हा या विषयावर मला पुष्कळ सांगता येईल अशी चालकांची समजूत झाली असावी. वास्तविक माझ्याजवळ त्यावर कोणताही उतारा नाही. माझी मुलगी माझ्या हातातला मोबाईल घेते आणि मी भाजी परतायला निघून जाते, ही खरी परिस्थिती आहे. म्हणून उपदेश न करता मी आमच्या लहानपणच्या एका पडद्याची हकिगत सांगणार आहे. तो पडदा आमच्या घरचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

गोष्ट १९९३ सालची. त्या वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘द जंगल बुक’ ही चित्रमालिका हिंदीत दाखवीत. आज चाळिशीच्या आसपास असलेल्या कुणालाही विचारा, मोगली म्हणताच त्याचा चेहरा बदलेल. शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले होते आणि संगीत विशाल भारद्वाज यांचे होते. त्या गीतातला चड्डीचा उल्लेख ऐकला की आमची दादी तोंडाला पदर लावून हसत असे आणि ‘काय ही गाणी!’ असे म्हणत पुढच्या रविवारी सर्वांच्या आधी जाऊन बसत असे.

ही मालिका मूळची जपानी. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने ती काढली आणि १९८९-९० मध्ये जपानमध्ये तिचे ५२ भाग दाखविले गेले. मूळ पुस्तक रुडयार्ड किपलिंगचे, १८९४ सालचे. किपलिंगचा जन्म १८६५ साली आपल्या मुंबईत झाला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवीत. त्याने या गोष्टी लिहिल्या अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात बसून आणि जंगल रंगविले मध्य प्रदेशातल्या सिवनीचे, वैनगंगेकाठचे. तीच वैनगंगा पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते. म्हणजे मुंबईत जन्मलेल्या इंग्रजाने अमेरिकेत लिहिलेली मध्य प्रदेशातली गोष्ट जपानी लोकांनी काढली आणि ती हिंदी बोलत रायगड जिल्ह्यातल्या एका ओटीवर आली. साम्राज्याविषयी किपलिंगची मते आपल्याला पटण्यासारखी नाहीत, पण पोर कसे खिळवून ठेवावे हे त्याला समजत होते.

आमच्या घरी टीव्ही का नव्हता, तेही सांगते. अब्बा कुवेतला नोकरीला होते. १९९० च्या उन्हाळ्यात त्यांनी रंगीत टीव्ही घेऊन खोक्यासकट तिथल्या खोलीत ठेवला होता, सुट्टीत येताना आणायचा म्हणून. २ ऑगस्टला इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना त्या वेळी विमानांनी मायदेशी आणले गेले, त्यांत अब्बाही होते. अम्मानपर्यंतचा प्रवास कसा केला हे ते फारसे सांगत नसत. घरात पाऊल टाकले तेव्हा त्यांच्या हाती एक पिशवी होती. टीव्हीचे खोके कुवेतमध्येच राहिले. पुढे कित्येक दिवस माझा धाकटा भाऊ विचारी, ‘आता तो टीव्ही कोण बघत असेल?’

आमचे घर मोहल्ल्यातले शेवटचे आणि त्याला लागून असलेले मास्तरांचे घर त्यांच्या आळीतले पहिले. मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या ओटीवर कपाटात कुलूपबंद टीव्ही असे. काकू रविवारी कुलूप काढीत, वर घातलेला भरतकामाचा रुमाल घडी करून बाजूला ठेवीत आणि सतरंजी अंथरीत. वीस-पंचवीस पोरे जमत. पुढे लहान, मागे मोठे आणि दाराच्या उंबऱ्यावर आम्ही मुली, कारण मध्येच कुणी हाक मारली तर उठून जायचे काम आमचे. जुने दिवस सगळेच गोड होते असे मी म्हणणार नाही. निम्मे भाग मी पोरांच्या डोक्यांच्या फटीतून पाहिले आहेत. वाऱ्याने अँटेना फिरली की एकजण कौलांवर चढे आणि खालून सगळे ओरडत, ‘आलं! आलं! गेलं!’ आणि वीज जाई ती नेमकी शेरखान झेप घेताना.

त्या हिवाळ्यात मुंबईत काय झाले ते येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. ६ डिसेंबर १९९२ नंतर आणि पुन्हा जानेवारीत दंगली झाल्या. माझे मामू मुंबईत राहत. जानेवारीच्या अखेरीस ते बायकामुलांसह आमच्याकडे आले. मुलांना आमच्याकडे ठेवून ते परत गेले, कारण दुकानाचे काय उरले ते पाहायचे होते. माझा मामेभाऊ तेव्हा नऊ वर्षांचा. त्याचे नाव मी सांगत नाही. तो आज आखातात चांगल्या हुद्द्यावर आहे आणि ही स्मरणिका त्याच्याकडे जाणारच आहे. त्या वेळी तो बोलत नसे. विचारले तर ‘हो’, ‘नाही’. रात्री दाराची कडी लावली आहे की नाही हे तीनदा उठून पाही. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि मग आमच्या गावातही लोक जरा दबक्या आवाजात बोलू लागले. वाणसामान आणायला पाठविताना अम्मा सांगे, ‘सरळ जा, सरळ ये.’

अशा दिवसांत रविवारची ओटी मात्र चालू होती. मी त्याला हाताला धरून तिथे नेले. मोगली लांडग्यांच्या पिल्लांत लोळताना पाहून तो पहिल्यांदा हसला. मला ते आठवते, कारण त्याचा पुढचा दात पडलेला आहे हे मला तेव्हा प्रथम दिसले.

आणि मग शेरखान आला. त्या हिंदी मालिकेत शेरखानला आवाज दिला होता नाना पाटेकर यांनी. काय आवाज तो! ओटीवर एकदम शांतता होई. त्या शांततेत मागच्या एका मोठ्या पोराने माझ्या मामेभावाला कोपराने ढोसले आणि म्हणाला, ‘खान, बघ तुझा काका आला.’ माझ्या आजोळचे आडनाव खान. सगळी पोरे हसली. खरे सांगायचे तर मलाही क्षणभर हसू आले आणि त्याची लाज मला अजून वाटते. तो उठला, कुणाच्या पायावर पाय न देता बाहेर पडला आणि घरी जाऊन कोठीच्या खोलीत बसला.

त्या पोराला मी आज दोष देत नाही. बारा-तेरा वर्षांचे पोर ते, घरात जे कानावर पडत होते ते त्याने तिथे आणून टाकले. पण आमच्या पोराने जे ऐकले ते असे, की इथेसुद्धा गोष्टीतला वाईट तो मीच.

पुढच्या रविवारी तो आला नाही. मीही गेले नाही. मालिका सुरू व्हायला दहा मिनिटे होती, तेवढ्यात मागच्या दारातून काकू आल्या. हात हळदीने पिवळे. अम्माला म्हणाल्या, ‘भाभी, पोरगा कुठाय तुमचा? मी त्याच्यासाठी टीव्ही लावायची थांबलेय. सगळी पोरं बोंबलतायत.’ अम्मा म्हणाली, त्याला बरे नाही. काकू सरळ कोठीत गेल्या. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. दोन मिनिटांत त्याचा दंड धरून त्या बाहेर आल्या आणि त्याच्या सदऱ्यावर हळदीची पाच बोटे उमटलेली होती.

ओटीवर मास्तर टीव्हीच्या पुढ्यात उभे होते. कपाटाची किल्ली त्यांच्या हातात. ते म्हणाले, ‘आज आधी एक प्रश्न. शेरखान कोण होता?’ पोरे ओरडली, ‘वाघ!’ मास्तर म्हणाले, ‘गाढवांनो, माणूस होता. फरीद त्याचं नाव. त्याने वाघ मारला म्हणून त्याला शेरखान हा किताब मिळाला. पुढे तोच शेरशहा होऊन दिल्लीच्या तख्तावर बसला. १५४० ते १५४५. त्याने चांदीचा रुपया पाडला. तुमच्या बापाच्या खिशात आहे ना रुपया, त्याचा मूळ पुरुष तो. या इंग्रजाने वाघाला नाव दिलंय ते वाघ मारणाऱ्याचं. समजलं?’ मग त्या मोठ्या पोराकडे पाहून म्हणाले, ‘तुला समजलं का, हे मी उद्या पुन्हा विचारणार आहे.’ आतून काकूंनी भर घातली, ‘आणि बोलतोय कोण? आपल्या मुरूडचाच नाना ना!’ नाना पाटेकरांचा जन्म मुरूड-जंजिऱ्याचा, हे आमच्या भागात पोरासोरांना ठाऊक. आमच्या भावकीतली निम्मी माणसे त्याच बाजूची. तेव्हा तो वाघ अगदीच परका राहिला नाही.

मास्तरांनी कुलूप काढले. एवढेच झाले. कुणी कुणाची माफी मागितली नाही. पण त्या संध्याकाळी वाडीत पोरे मोगलीचा खेळ मांडून बसली, तेव्हा माझ्या मामेभावाने स्वतःहून सांगितले, ‘मी शेरखान होणार.’ आणि तो असा काही गुरगुरला की माझा धाकटा भाऊ खरोखरच रडत घरी पळाला. पुढे महिनाभर शेरखानचे काम त्याने कुणाला दिले नाही. ज्याने ढोसले होते तो पोरगा तबाकी होऊन त्याच्या मागे मागे हिंडे. आपल्यापैकी उर्दू जाणणाऱ्यांना सांगते, तबक म्हणजे ताट. किपलिंगचा तबाकी म्हणजे ताटे चाटणारा. हे आम्हाला तेव्हा माहीत असते तर त्या पोराची धडगत नव्हती.

पुष्कळ वर्षांनी डी.एड.ला असताना मूळ पुस्तक माझ्या हाती पडले. वाचू लागले तर आमची मालिका आणि पुस्तक यांत बरेच अंतर. मालिकेतल्या मोगलीजवळ बूमरँग होते. ते ऑस्ट्रेलियाचे, सिवनीच्या रानात कुठले? त्याचा दोस्त किची हा लाल पांडा. लाल पांडा राहतो सिक्कीम-अरुणाचलच्या थंड डोंगरांत. पुस्तकातला शेरखान जन्मापासून एका पायाने अधू आहे. आणि पुस्तकातल्या मोगलीला लांडग्यांची टोळीही घालविते आणि गावचे लोकही दगड मारून हाकलतात. तिथे मला वाईट वाटले, पण पुस्तक मिटले ते दुसऱ्याच एका पानावर, अगदी सुरुवातीच्या.

टोळीचा कायदा असा आहे, की एखाद्या पिल्लाला टोळीत घ्यावे की नाही असा वाद निघाला, तर त्याच्या बाजूने टोळीतल्या निदान दोघांनी बोलले पाहिजे. आणि ते दोघे त्याचे आईबाप असता कामा नयेत. मोगलीची लांडगीण-आई त्याच्यासाठी जीव द्यायला तयार आहे, परंतु तिचे बोलणे त्या सभेत धरले जात नाही. शेरखान बाहेरून ओरडतो आहे, पिल्लू माझे आहे. तेव्हा प्रथम म्हातारा बालू अस्वल उठतो. तो पिल्लांना कायदा शिकविणारा, म्हणजे मास्तरच. दुसरे कुणी उठेना. मग बघीरा पुढे येतो. त्याला त्या सभेत बोलण्याचा हक्कच नाही. तो आपण नुकताच मारलेला बैल मोगलीची किंमत म्हणून देऊ करतो, आणि मोगली टोळीत राहतो.

मी ते पान वाचले आणि मला सदऱ्यावरची हळदीची पाच बोटे दिसली. आमचे आईबाप त्या दिवसांत आमच्यासाठी काय करीत नव्हते? अब्बा रात्री जागत. अम्मा देवडीवर बसून राही. पण ओटीवरच्या पोरांत आमचे मूल बसविणे त्यांच्या हाती नव्हते. ते दुसऱ्या दोघांनी येऊन करायचे होते, आणि त्या दोघांना तसे करण्याची काही सक्ती नव्हती. त्या वर्षी काकूंना त्यांच्या आळीत कुणी काही बोलले असेल का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. बैलाची किंमत त्यांनी कुठे मोजली, मला ठाऊक नाही.

पालकहो, ‘आमच्या वेळची चित्रमालिका चांगली होती, आताची वाईट’ असे माझे म्हणणे नाही. मुलांना आज मोबाईलवर पाहायला मिळते त्यातले काही आमच्या मोगलीपेक्षा सरस आहे. माझी मुलगी एकटी कानात बोंडे घालून पाहते, तेव्हा तिला कुणी ‘तुझा काका आला’ म्हणून ढोसत नाही, हेही बरेच झाले. फक्त तिच्यासाठी टीव्ही लावायचे कुणी थांबतही नाही. याचे काय करावे ते मला उमगलेले नाही, म्हणून येथे बोलून दाखविले.

२०२० साली टाळेबंदी लागली आणि ८ एप्रिलपासून दूरदर्शनने ‘द जंगल बुक’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. दुपारी १ वाजता. मी मुलीला बळेच शेजारी बसविले. तिने दहा मिनिटे पाहिले आणि विचारले, ‘अम्मी, पुढचा भाग आत्ताच का नाही लागत?’ तेवढ्यात आखातातून मामेभावाचा फोन. त्याने ‘सलाम’ही केला नाही. म्हणाला, ‘आपा, लागलंय का? जरा आवाज मोठा कर.’ मी फोन टीव्हीजवळ धरला. शेरखान येईपर्यंत तो पलीकडे गप्प होता. मग म्हणाला, ‘काकूंना कळवलंस का?’

मास्तर तोपर्यंत गेले होते. काकू पुण्याला मुलाकडे असत, वय ऐंशीच्या पुढे. मी फोन लावला. त्यांनी सुनेला टीव्ही लावायला सांगितले, तिकडचा आवाज मला ऐकू आला, इकडचाही होताच. काकू जरा वेळाने म्हणाल्या, ‘वीज आहे ना गं तुमच्याकडे?’

आहे म्हटले, काकू.