पाटीमागची नोंदणी

मनोरुग्णालयात डॉक्टरांखेरीज आणखी एक माणूस भेटतो, सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर. घरी कोण कोण असतं, गोळ्या कोण देतं, हे तो विचारतो. नुसती समाजकार्याची पदवी इथे पुरत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीनंतर, याच विषयातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं, तेही देखरेखीखालच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासह. म्हणजे रुग्णाच्या घरच्यांशी झालेलं बोलणं लिहून काढायचं, वरिष्ठांपुढे ठेवायचं. "बायकोशी वेगळं का नाही बोललास?" असं त्यांनी विचारलं, की पुन्हा भेट, पुन्हा टिपण! माझ्या मते खरं शिक्षण हेच. पुढे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी. पण नुसती समुपदेशनाची पाटी काय, कुणीही लावतं. तेव्हा फी भरण्याआधी शिक्षण आणि नोंदणी जरूर विचारा.