दोन वर्षांसाठी निघताना



पुढच्या महिन्यात मी दोन वर्षांसाठी टांझानियाला निघतेय. तिथल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवायचं आहे. पगार नाही, राहण्या-जेवण्यापुरता भत्ता.

बॅग दोन दिवसांत भरेल. खरी तयारी भाषेची. तिथे प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत होतं आणि माध्यमिकला एकदम इंग्रजी येतं. उर्दू माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गणित येत असतं, प्रश्नच कळत नाही. म्हणून सहा महिने मी रोज स्वाहिली शिकतेय. अरबीतून आलेले ओळखीचे शब्द भेटतात: किताबू, दुनिया, सबाबू. गणिताला 'हेसाबू'. शिक्षकाला 'म्वालिमू', म्हणजे आपला मुअल्लिम. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे आधी शिक्षक होते; लोक त्यांना 'म्वालिमू'च म्हणत.

दुसरी तयारी घरची. अम्मी विचारते, "इथल्या मुली शिकून झाल्या का? आणि लग्नाचं काय?" पहिल्या प्रश्नात तथ्य आहे. म्हणून मोहल्ल्यातला माझा रविवारचा वर्ग दोन मैत्रिणींकडे सोपवलाय. तो बंद पडणार नाही. दुसऱ्यावर मी एवढंच म्हटलं, "मुलगा पाच वर्षं दुबईला राहिला, तर त्याचं वय कुणी मोजतं का?" अब्बांनी अजून तोंडाने होकार दिलेला नाही, पण परवा माझ्या पासपोर्टच्या झेरॉक्स तेच काढून घेऊन आले.

तुमच्यापैकी कुणी असं निघणार असेल, तर आधी दोन कामं करा. तिथली भाषा शिका, आणि इथलं काम कुणाच्या तरी हाती देऊन जा.