हवी ती तबकडी चटकन सापडावी म्हणून

बदलापूरच्या खरवईत एखाद्या घरी आजोबांच्या काळातल्या तबकड्या, वडिलांच्या कॅसेटी आणि मुलांच्या सीडी एकाच कपाटात असतील, तर हवे ते गाणे शोधण्यातच संध्याकाळ सरते. गायकानुसार लावावे, तर युगुलगीत कुणाच्या नावावर ठेवायचे? आणि तबकडीवरचे नाव तरी खरे असते का? ‘महल’ (1949) चित्रपटातल्या लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर सुरुवातीला गायिका म्हणून ‘कामिनी’ छापले होते. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव!

म्हणून जाणते संग्राहक आकड्यांवर भरवसा ठेवतात. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या लेबलावर कंपनीचा क्रमांक छापलेला असतो. लेबलाजवळ मॅट्रिक्स क्रमांकही कोरलेला सापडतो. तो त्या ध्वनिमुद्रणाची ओळख. तेच मुद्रण पुढे वेगळ्या क्रमांकाने बाजारात आले, तरी या खुणेवरून ओळखता येते.

1990 साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून अशा नोंदींना हक्काची जागा दिली. हे काम फार मोलाचे आहे.

घरी मात्र सोपी रीत पुरते. वस्तू येईल तसा तिला क्रमांक द्यावा, तो पाकिटावर पेन्सिलीने लिहावा आणि त्याच क्रमाने मांडावे. गायक, संगीतकार, राग, चित्रपट हे सारे वहीत किंवा संगणकावरच्या तक्त्यात. नवी भर पडली, तरी जुने काही हलवावे लागत नाही.

तबकड्या उभ्याच ठेवाव्यात. आणि बदलापूरसारख्या उल्हास नदीच्या काठच्या गावांनी 2005 आणि 2019च्या जुलैतला पूर पाहिला आहे; तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कपाटाचा खालचा खण रिकामाच ठेवावा.