किनाऱ्यावरचा काळोख



काळोखाची बाजू घेऊन कोणी व्यासपीठावर उभे राहावे, हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. आपण प्रार्थना करतो ती उजेडाची. तथापि कोकणच्या किनाऱ्यावर माणसांचे आणि प्राण्यांचे पुष्कळसे व्यवहार काळोखाच्या आधारानेच चालत आले आहेत, हे मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम आकाश घ्या. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि 'मिरग लागला' असे म्हणून शेतकरी पेरणीला लागतो. मौज अशी की, त्या दिवसांत मृग डोळ्यांना दिसत नाही. तो सूर्याच्याच दिशेला असतो. मार्गशीर्षात तिन्हीसांजेला पूर्वेकडे उगवतो, तोच हा मृग. मग न दिसणारे नक्षत्र ओळखले कसे? पहाटे सूर्याच्या आधी कोणती नक्षत्रे उगवतात आणि संध्याकाळी त्याच्यामागून कोणती मावळतात, हे वर्षानुवर्षे पाहून. ही नक्षत्रे ऋतूंच्या मानाने सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. या सरकण्याच्याच आधाराने रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १८९३ साली आपल्या 'ओरायन' ग्रंथात वेदांचा काळ मांडला. म्हणजे नक्षत्रांचे गणितही अधूनमधून आकाशाशी ताडून पाहावे लागते, आणि त्यासाठी आकाश दिसावे लागते.

समुद्राचेही तसेच. तिथीची पाऊणपट केली की कोकणात भरतीची अदमासे वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास भरती, आणि तीही भांगाची, म्हणजे बेताची. पुनवेला आणि अवसेला उधाण. हा हिशेब करणाऱ्या कोळ्याचे पंचांग म्हणजे डोक्यावरचा चंद्र.

आता एका मुक्या प्राण्याकडे वळू. हिवाळ्यात सागरी कासवाची मादी रात्री वाळूवर येते, खड्डा खणून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बहुधा रात्रीच बाहेर पडतात. त्यांना वाट दाखवायला आई नसते. जिकडे क्षितिज सखल आणि उजळ, तिकडे समुद्र, एवढेच त्यांना उपजत कळते. किनाऱ्यावर प्रखर दिवे लावले की ती उलट दिशेने, जमिनीकडे चालू लागतात, आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जातात किंवा उन्हाने सुकून मरतात. दिव्यांनी उजळलेला किनारा मादीही टाळते.

मंडणगड तालुक्यातील वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने आणि गावकऱ्यांनी अंडी राखण्याचे काम चालविले. जेथे पूर्वी अंडी चोरीला जात, तेथे आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला दूरदूरची माणसे येतात आणि गावातल्या घरांतून उतरतात. परंतु पाहुणे वाढले की दिवे वाढतात. ज्या पिल्लांसाठी पाहुणे आले, त्यांचीच वाट या दिव्यांनी चुकावी, हे शोभेल काय?

गावाने अंधारात बसावे, असे मी म्हणत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा हवामानखात्याच्या इशाऱ्यामुळे हजारो माणसे वेळीच हलविता आली. नुसती नक्षत्रे पाहून ते साधले नसते. रात्री वाटेने येणाऱ्या बाईमाणसाला दिवा हवाच. पण तो वाटेवर पडावा, समुद्रावर कशाला? दिव्याला वरून झाकण घालावे, त्याचे तोंड खाली करावे, आणि कासवांच्या हंगामात समुद्राकडचे दिवे रात्री मालवावे. याला ना मोठा खर्च, ना सरकारी मंजुरी. किनाऱ्यावर ज्यांची घरे, वाड्या वा खाणावळी असतील, त्यांनी घरी गेल्यावर एवढे अवश्य करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.